गोल छताचा डबा

काकाजींवर मी जळत होतो. हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहिताना माझा हात अडखळला, तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल.

ते आमचे घरमालक. गोंदियात रेल्वे लाइनच्या पलीकडं त्यांचं घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यांच्या लग्नाला चाळीसच्या वर. मूळचे कामठ्याचे पोवार. धानाची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते तरुणपणीच रेल्वेत लागले आणि बत्तीस वर्षं ट्रेन लाइटिंगला राहिले. म्हणजे डब्यातले दिवे आणि पंखे ज्यांच्या जिवावर चालतात, ती माणसं. सगळी नोकरी डब्याखाली आडवं पडून बॅटऱ्या बघण्यात गेलेली. त्यामुळं असेल, पण त्यांना उभ्यानं काही समजायचंच नाही. मिक्सर बिघडो, सायकल बिघडो, की शेजारणीचं शिलाई मशीन बिघडो, ते आधी त्याच्याखाली उताणे व्हायचे. एकदा आमच्या खोलीतला पंखा आवाज करत होता, तर पलंग सरकवून त्याच्या बरोबर खाली फरशीवर पडले आणि पाच मिनिटं नुसते वर बघत राहिले. मग म्हणाले, "बेअरिंग नाही, तुमचा स्लॅब हालून राहिला." स्लॅब त्यांचाच होता.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं तारीख लिहायची त्यांना सवय होती. डब्यावर पुढच्या दुरुस्तीची तारीख असते तशी. बादली, शेगडी, कूलर, गेट, सगळ्यावर. काकूंच्या चष्म्याच्या डबीवरही. काकूंना ते 'गार्ड' म्हणायचे. बाहेर निघताना जोडे घालून दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "गार्ड, लाइन क्लियर हाय काय?" आतून काकू ओरडायच्या, "अजी, आधी पिशवी घ्या." पिशवी हातात आल्याशिवाय गाडी सुटत नसे. हे रोजचं. रोज दोघं हसायचे. चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर दोन माणसं कशी हसू शकतात, हे मला कळायचं नाही. आमच्या घरात नव्या गोष्टीवरही कोणी हसत नव्हतं.

मी डिप्लोमा केलेला माणूस. एका सोलरवाल्या कंत्राटदाराकडं सुपरवायझर होतो. दवनीवाडा, कामठा, तिकडं तिरोड्यापर्यंत शेतांमध्ये पंपांचे पॅनेल उभे करायचे, दिवसभर उन्हात राबायचं, संध्याकाळी घरी येऊन न बोलता जेवायचं. काकाजी मला 'इंजिनियर' म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो टोमणाच वाटायचा. कारण गल्लीत कोणाचा इन्व्हर्टर बंद पडला की लोक माझ्यासमोरून जाऊन खालचं दार वाजवत.

आता डब्याची गोष्ट.

काकूंना दुसऱ्याच्या घरी झोप येत नसे. म्हणजे अजिबातच नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या माहेरीसुद्धा रात्र काढत नव्हत्या. भाचीच्या लग्नाला जाऊन रातोरात परत आल्या होत्या. काकाजींना रेल्वेचा पास मिळायचा, सगळा देश फुकट फिरता आला असता, पण काकूंमुळं तो पास कपाटात पडून राहिला. शिवाय त्यांना पंख्याच्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे. डिसेंबरमध्ये दोन गोधड्या घेऊन, वर पंखा लावून झोपणारी ही बाई.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी काकाजींनी यावर तोड काढली. "गार्ड घर सोडून येत नाही ना? मंग घरच घेऊन जाऊ." आणि त्यांनी अंगणात, आपल्या जुन्या जीपच्या मागं जोडायचा डबा बांधायला घेतला. चाकांवरचं घर. आत काकूंचा पलंग, काकूंची शेगडी, काकूंची उशी. ट्रॉलीचा सांगाडा भंगारातून आणला, वेल्डिंग स्वतः केलं, पत्रा स्वतः ठोकला. आणि छत केलं गोल. रेल्वेच्या डब्यासारखं, दोन्ही बाजूंना उतरतं. मी विचारलं, "सपाट का नाही केलं?" ते म्हणाले, "मले दुसरा येतच नाही ना बे."

पंख्यासाठी वीज पाहिजे, रात्रभर पाहिजे, जिथं खांब नाही तिथंही पाहिजे. म्हणजे सोलर. म्हणजे माझा विषय. मी वाट बघत होतो की ते मला विचारतील. विचारलंही. एका सकाळी मला छतापाशी नेऊन म्हणाले, "सांग इंजिनियर, कसं करू?"

मी ऐटीत सांगितलं, लोखंडी अँगलचं स्टँड बनवा, त्यावर नेहमीचे काचेचे दोन पॅनेल घाला, काम पक्कं.

काकाजी डब्याखाली आडवे झाले, तिथूनच बोलले. "डब्याच्या डोक्यावर खाट बांधू काय? वारा धरन त्याच्यात. वजन वेगळा. आणि दिसन कसा!"

आठ दिवसांनी त्यांनी कुठूनतरी वाकणारे पॅनेल मागवले. पुठ्ठ्यासारखे पातळ, काच नाही, उचलले तर एका हातात येणारे. छताच्या गोलाईवर ठेवले की पोळीसारखे बसत. चार पॅनेल. बघायला सगळी गल्ली लोटली. मी ते पॅनेल आयुष्यात हाताळलेले नव्हते, फक्त त्यांच्याबद्दल वाचलेलं होतं.

त्यानंतर एक दिवस दवनीवाड्याचं काम लवकर आटपलं आणि मी दुपारीच घरी आलो. गेटमधून शिरतो तर हसण्याचा आवाज. वर बघितलं, तर डब्याच्या छतावर, दोन शिड्या लावून, एकीकडं काकाजी आणि दुसरीकडं माझी बायको. पदर खोचलेला, हातात काकूंचं लाटणं. पॅनेलखाली चिकटपट्टी लावून ते दोघं वरून लाटणं फिरवत होते, खालची हवा निघून जावी म्हणून. काकू खाली उभ्या राहून ओरडत होत्या, "अवो, माझं लाटणं हाय ते! संध्याकाळी पोळ्या कायनं लाटू?" आणि माझी बायको हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, शिडीला धरून.

मी तिला असं हसताना बघितलेलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही.

मला बघून ती हसू आवरत म्हणाली, "अजी, तुमाले माहीत हाय काय, हे चार पॅनेल दोन-दोन करून जोडले तर दाब वेगळा येते आणि चारही बाजूबाजूनं जोडले तर वेगळा? काकाजींनी पाण्याच्या टाक्यांवरून सांगितलं. एकावर एक ठेवल्या तर पाण्याले जोर येते, बाजूबाजूला ठेवल्या तर पाणी जास्त दिवस पुरते."

हे तिनं मला पूर्वी एकदा विचारलं होतं. बारावी सायन्स झालेली मुलगी. माझ्या वहीतली आकृती बघून विचारलं होतं की, हे दोन प्रकारे का जोडता. मी म्हणालो होतो, "तुला काय करायचंय?" तिनं वही मिटून ठेवली होती.

"वर ये इंजिनियर," काकाजी म्हणाले. "पकड पाह्य."

मी शिडीवर चढलो. छताला त्यांनी आधी चंदेरी रंग मारला होता, ऊन परतवायला. पॅनेल त्या रंगावर चिकटवले होते. कडेला मी सहज नख मारलं आणि रंगाची एक साल सुटून आली, उकडलेल्या बटाट्याची निघते तशी. खाली पत्रा लख्ख. नवा जस्ताचा पत्रा होता तो. तो घासून, त्यावर प्रायमर मारल्याशिवाय रंग धरत नाही. चिकटपट्टी रंगाला घट्ट धरून होती. रंग पत्र्याला धरून नव्हता. आणि पुढची कडही उघडी होती, वारा थेट खाली शिरेल अशी.

बत्तीस वर्षं बॅटरीखाली काढलेल्या माणसाला रंगाचं हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एवढी एकच गोष्ट त्या अख्ख्या डब्यात फक्त मला माहीत होती.

"कशी वाटते पकड?" त्यांनी विचारलं.

समोर माझी बायको उभी होती, गालाला चंदेरी रंग लागलेला. ती त्यांच्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"चांगली आहे," मी म्हणालो. सुटलेली साल मी बोटांनी दाबून परत बसवली आणि खाली उतरलो.

त्या वेळी मला वाटलं होतं तरी काय? अपघाताचा विचार मनात नव्हता, हे खरं आहे. मला एवढंच पाहिजे होतं की कधीतरी एक पॅनेल लोंबावं, लोकांनी बघावं आणि काकाजींनी माझ्याकडं येऊन म्हणावं, तू सांगशील तसं करू. पण असं म्हणून सुटका होत नाही.

पहिली फेरी चोरखमाऱ्याच्या तलावावर ठरली. काकू आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपणार होत्या, म्हणजे घरातच, पण तलावाच्या काठावर. गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. काकाजींनी जीपमध्ये बसून आरोळी दिली, "लाइन क्लियर?" आणि काकू शेजारच्याच सीटवर बसलेल्या असूनही ओरडल्या, "क्लियर!" माझ्या बायकोनं हट्ट धरला की आपणही मोटरसायकलवर मागं मागं जाऊ, संध्याकाळी परत येऊ. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

फेब्रुवारीचे दिवस. उन्हाळी धानाचं परं, म्हणजे रोपं, लावून झालेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, पाणी आणि त्यात कोवळं हिरवं. ऊन चांगलंच चढलं होतं. मी डब्याच्या मागं तीस-चाळीस फुटांवर होतो आणि माझी नजर छतावरून हटत नव्हती. तिरोड्याच्या अलीकडं समोरून एक ट्रक जोरात गेला. पुढच्या पॅनेलची कड उचलली. पुस्तकाचं पान उचलावं तशी. मी हॉर्न वाजवायला अंगठा नेला आणि तेवढ्यात ते पॅनेल आख्खं सुटलं, हवेत उभं झालं आणि आमच्यावर आलं.

मी गाडी डावीकडं घातली. रस्ता संपला, मुरूम लागला, मग आम्ही दोघं बांधीत. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. मला फारसं लागलं नाही. तिनं पडताना हात टेकला होता. चिखलातून वर येऊन ती आपल्या उजव्या मनगटाकडं बघत होती आणि ते मनगट जिथं वाकायला नको तिथं वाकलेलं होतं. शेजारी ते पॅनेल उताणं तरंगत होतं. त्याच्या पाठीला सगळा चंदेरी रंग चिकटून आला होता.

काकाजी जीप थांबवून धावत आले. एवढा जाडजूड माणूस बांधीत उतरला, दोनदा पडला. त्यांनी पॅनेल बघितलं, त्यावरचा रंग बघितला आणि त्यांना सगळं समजलं. "माझी चूक, बाई," ते म्हणत होते. "माझीच चूक. मले रंगाचा समजला नाही." माझ्या बायकोला उचलून जीपमध्ये घालेपर्यंत ते हेच म्हणत होते. मी चिखलातून मोटरसायकल ओढत होतो.

तिच्या हाताला प्लॅस्टर बसलं. ती दवाखान्यात होती तोवर काकाजी रोज जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि दारातच उभे राहायचे. एकदा ती त्यांना हसवायला म्हणाली, "काकाजी, सगळ्या गोंदियावर तारीख टाकता, माझ्या प्लॅस्टरवर नाही टाकली?" त्यांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं, प्लॅस्टरवर टेकवला. मग टोपण लावून पेन परत खिशात ठेवला आणि निघून गेले.

त्या दिवसापासून ते थांबलेच. बाहेर जाताना आरोळी नाही. डब्यावर ताडपत्री टाकून दिली. कोणी कूलर घेऊन आलं तर म्हणायचे, "दुसरीकडं दाखवा, माझा हात गेला." काकू वर येऊन माझ्यापाशी म्हणाल्या, "बाबू, तुम्ही तरी समजावा जी. रात्री उठून बसते हा माणूस." लोक आता खरोखरच माझ्याकडं यायला लागले होते. इन्व्हर्टर घेऊन, चार्जर घेऊन. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला एकही वस्तू उघडून बघावीशी वाटेना.

पंधरा दिवस मी काढले. सोळाव्या दिवशी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बाकीच्या माणसांसारखे, नुसतेच. मी समोर जाऊन सांगितलं. "काकाजी, मला दिसलं होतं. रंग नखानं सुटत होता. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कायले?"

"तुमच्यावर जळत होतो."

"माझ्यावर?" त्यांना खरंच कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या लुंगीकडं, पायांकडं बघितलं, जणू त्यात जळण्यासारखं काय आहे ते शोधत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. त्या माणसाला रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "पोरीले सांगितलास?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राहिला बे? हात कोणाचा मोडला? माझा?" त्यांनी जिन्याकडं बोट केलं. "जाय. आधी तिले सांग."

मी वर गेलो. ती डाव्या हातानं भाजी ढवळत होती. मी सांगितलं, आडपडदा न ठेवता, सालीसकट. तिनं गॅस बंद केला.

"मी त्या छतावर उभी होती," ती म्हणाली. "तवा तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"आणि रस्त्यावर? मागं बसली होती तवा?"

"हो."

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. तिनं दोन साड्या पिशवीत घातल्या आणि खाली काकूंकडं राहायला गेली. अकरा दिवस राहिली. एका जिन्याचं अंतर. संध्याकाळी काकाजी ताट झाकून वरच्या पायरीवर ठेवून जात. बोलत नसत. पण ताट एकदाही चुकलं नाही, आणि ते ताट खाताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

बाराव्या दिवशी खालून बायकोचा आवाज आला. "अजी, खाली या. छत खरवडाचं हाय."

तिनं मला माफ केलं होतं असं नाही. तिला ते काम व्हायला पाहिजे होतं. ताडपत्री निघाली होती. ती खुर्चीवर बसली, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन, आणि सांगत गेली. मी शिडीवर. उरलेले तीन पॅनेल सोडवले, सगळा रंग खरवडला, पत्रा घासला, प्रायमर मारला, दोन दिवस वाळू दिला. पॅनेल तापू नयेत म्हणून त्यांच्याखाली पोकळ नळ्यांचा प्लास्टिकचा पत्रा घातला, त्यातून हवा खेळेल असा. पुढच्या कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केली. नखानं, मग किल्लीनं, मग पेचकसानं पकड बघितली. ती दर वेळी म्हणायची, "परत पाहा." मी परत बघायचो. काकाजी खालून सामान द्यायचे आणि म्हणायचे, "हेल्पर हाजिर हाय साहेब." तिसऱ्या दिवशी ते आपणहून डब्याखाली आडवे झाले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

लोकांनी विचारलं, आता कसं काय जमलं? काकाजी सगळ्यांना सांगायचे, "पहिल्यानं माझी चूक झाली. मंग इंजिनियरनं दुरुस्त केला." पहिली चूक त्यांची होती, हे खोटं नव्हतं. दुसरी माझी होती, ती त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही. काकूंनाही नाही, असं मला वाटतं. लोक माझी पाठ थोपटायचे. मला त्या कौतुकाची चव लागली नाही, कारण तेही त्यांच्याच हातून आलेलं होतं. माफ करणंसुद्धा त्या माणसाला असं जमायचं, की मला त्याचाही हेवा वाटला. अजून वाटतो.

एप्रिलमध्ये ते निघाले. चोरखमाऱ्याला एक रात्र म्हणून गेले आणि चार रात्री राहिले. परत आले तेव्हा काकूंचा चेहरा उन्हानं रापलेला, आणि त्या आम्हाला सांगत होत्या की पहाटे तलावावर बदकं कशी उतरतात, जणू बदकांचा शोध त्यांनीच लावला. आता वर्षातले सहा-सात महिने ते बाहेर असतात. घराच्या किल्ल्या माझ्या बायकोकडं असतात. दुरुस्तीही ती काकाजींच्या हाताखाली शिकली आहे, आणि गल्लीतला इन्व्हर्टर बिघडला की लोक वर येऊन तिला हाक मारतात. मला नाही.

दुसऱ्यांदा ते निघाले ती सकाळ मला आठवते. या वेळी लांब जाणार होते, नर्मदेकडं. जीप गल्लीच्या टोकाला वळली, डब्याचं गोल छत भिंतीवरून क्षणभर चमकलं आणि गेलं. गेटपाशी आम्ही दोघंच राहिलो. तिचं मनगट बरं झालं होतं, पण पावसाळी हवेत दुखायचं. ती दुसऱ्या हातानं ते धरून उभी होती. मला वाटलं, ती आत जाईल. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलत असे.

रस्त्याकडं बघतच ती म्हणाली, "आपण कवा जाचं?"

"कुठं?"

"कुठंबी."

'बघू' हा शब्द माझ्या ओठांवर आलेला होता. तीन वर्षं मी तिला तोच देत आलो होतो. तिची नजर अजून गल्लीच्या त्या टोकावरच होती, जिथून ते दोघं गेले होते, आणि त्या नजरेचाही मला हेवा वाटला. पण प्रश्न तिनं त्यांना विचारला नव्हता.

"गाडीत पेट्रोल आहे," मी म्हणालो. "चप्पल घाल."